ती दहा मिनिटं

चि. माईस अनेक आशीर्वाद.

काल फोन मी आपटला. तुझी आई तेव्हापासून बोलत नाहीये. बंडू सकाळी औषध आणायला नाशिकला येतोय, डब्यासोबत हे पत्र देईल.

बिबट्याचं काढायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय. द्राक्षबाग फुलोऱ्यात आहे. पहाटे दव पडतंय, डावणी रोगाची धास्ती. नदीकडच्या उसाला तोड लागली. म्हणजे आता फडात बछडी सापडणार, तुझा फोन वाजणार.

मी एवढंच विचारलं होतं, बिबट्याला गुंगीच्या औषधाचा डार्ट बसल्यावर तू कुठं उभी असतेस? औषध चढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, गोंगाटानं जनावर बिथरलं तर आणखी जास्त, हे तूच सांगितलेलं. व्हिडिओत तू जिन्यात, हातात ती फुंकायची नळी, मागं शंभर माणसं मोबाईल धरून. पळायला वाट कुठाय? आधी गेट बंद करून घ्यावं, पोलीस आल्याशिवाय नळी उचलूच नये...

राहू दे. परळला साडेपाच वर्षं जनावरांची डॉक्टरकी तू शिकलीस, मी दहावी नापास. चुकलं.

तू दुसरीत होतीस तेव्हा आपल्या विहिरीत बिबट्या पडला होता. दोर बांधून आजीची बाज खाली सोडली, तिच्यावर चढून बसला बिचारा. काठावरून पोरं दगड मारत होती आणि तू रडत होतीस, आप्पा, त्याला थंडी वाजतेय. इंजेक्शन का देत नाहीत, असंही विचारलंस. पाण्यात झोपला तर बुडेल, असं वनखात्याच्या माणसानं सांगितलं. घरी येऊन तेच तू मला दहादा ऐकवलंस. आजी नंतर त्या बाजेवर कुणाला बसू देईना.

व्हिडिओ मी बंद करायला लावला खरा, पण रात्री बंडूच्या फोनवर तीनदा पाहिला. गुंगीतसुद्धा त्यातल्या बिबट्याचे डोळे उघडेच. तू त्यात मलम घालून वर फडकं बांधलंस. आजीच्या मोतीबिंदूनंतर घालायचीस, तितक्याच हळू. पण तोवर तो झोपला होता. मी त्याआधीचं विचारतोय.

डब्यात भाकरी, मेथी, ठेचा आहे. रिकामा डबा बंडूकडे दे. तळच्या कप्प्यात चिठ्ठी ठेव, कुठं उभी असतेस ते लिहून. डबा मीच उघडेन, आईच्या हाती लागू देणार नाही.

तुझे आप्पा