कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुशनवाल्या मामांना, गुलमर्गहून परतल्यावर

आदरणीय मामा,
नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, हे ठाऊक आहे. चष्मा फक्त सुईत दोरा ओवायला, असं तुमचंच म्हणणं. भाचा वाचून दाखवेल आणि तुम्ही मधेमधे "फुडं वाच" म्हणाल. तुम्ही शिवून दिलेल्या कॅमेऱ्याच्या बॅगेबद्दल समोर उभं राहून आभार मानले असते तर तुम्ही मशीनचं पायडल दाबलं असतं आणि माझं बोलणं त्या खडखडाटात गेलं असतं. म्हणून चार लोकांदेखत लिहितोय.

गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या माणसाकडे कॅमेऱ्याची बॅग घेऊन कोण जातं? मीही गेलो नसतो. पण पावसाळ्यात गगनबावड्याला जाताना बॅग बुलेटच्या कॅरिअरला आवळून बांधली होती. वर पोचून बघतो तर फिल्टरला तडा आणि लेन्सच्या मागच्या कड्याचे दोन स्क्रू ढिले. पडलो नव्हतो, कुठं आपटलो नव्हतो. नुसत्या थरथरीनं झालं. आणि आता तर गुलमर्गला स्नोमोबाईलवर मागे बसून, पुण्याच्या स्की करणाऱ्या पोरांचे फोटो काढायचं काम आलं होतं. आयुष्यभर मंगलाष्टकं आणि सप्तपदी टिपणाऱ्या माणसाला!

स्नोमोबाईल कशी असते ते मी तुम्हाला मोबाईलवर दाखवलं. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, मधे सीट. तुम्ही बाकी काही न बघता सीटच बघितलीत. मी विचारलं, मागच्या रॅकवर कडक पेटी बांधू का? तुम्ही दात कोरत म्हणालात, "गंगावेशीतनं गणपती आणताना कॅरिअरला बांधतोस व्हय रं?"

नाही बांधत. मांडीवर घेतो.

"का? मांडी दबतीया, कंबर दबतीया. खड्डा माणूस खातोय, मूर्तीला पत्त्या न्हाई."

झालं. एवढ्या एका वाक्यानं माझे महिनाभराचे प्रश्न निम्मे मिटले. यंत्राला बांधलेल्या वस्तूला प्रत्येक दणका थेट बसतो, अंगावरच्या वस्तूआधी तो गुडघे आणि कंबर झेलतात. मी लगेच विकत घेतलेली छातीवरची बॅग काढून दाखवली. तुम्ही मला बुलेटवर भाच्याच्या मागे बसवलंत आणि त्याला गल्लीच्या टोकाला कचकन ब्रेक मारायला सांगितलंत. कॅमेरा त्याच्या बरगडीत आणि माझ्या छातीच्या हाडात एकदमच घुसला. स्वतः चालवली असती तर तोच हँडलवर आपटला असता. ती बॅग अजून तुमच्या दुकानातच आहे, बहुतेक त्यात आता खिळे असतील.

मग पाठीवरची. इथं तुमच्यातला जुना पैलवान जागा झाला. कॅमेऱ्याच्या वजनाची वीट टॉवेलात गुंडाळून तुम्ही जुन्या बॅगेत घातलीत, ट्रायपॉडच्या जागी लाकडी दांडकं उभं खोचलंत, फोमचे गठ्ठे जमिनीवर अंथरलेत आणि म्हणालात, "पड." मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. "तालमीत आधी पडायलाच शिकवत्यात."

पाठीवर पडलो तेव्हा दांडकं मणक्यावर असं उठलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेही फोमवर! तुम्ही बॅग घेतलीत, खडूनं मधोमध उभी रेघ मारलीत आणि सांगितलंत, या रेघेवर टणक काही यायचं नाही. ट्रायपॉड अंगावर नको. मोडला तर मोडू दे, तो गाडीला बांध.

चार दिवसांनी जी बॅग हातात आली तिच्याबद्दल फोटो काढणाऱ्यांसाठी दोन शब्द लिहायलाच हवेत. पाठीकडे दोन बोटं जाडीचा मऊ फोम, बाहेरच्या अंगाला टणक, म्हणजे मी सांगत होतो त्याच्या बरोबर उलटं. कॅमेरा आणि लेन्स वेगवेगळ्या कप्प्यात, कारण जोडलेली लांब लेन्स म्हणजे पहारच, धक्क्यात सगळा जोर त्या जोडावर येतो. रेक्झिन वापरायला तुम्ही साफ नकार दिलात. थंडीत ते पत्र्यासारखं ताठ होतं आणि घडीवर तडकतं. नायलॉन लावलंत. वेल्क्रोही काढून टाकलंत ("चिखल बसला की धरत न्हाई, मग बर्फ बसल्यावर काय धरतंय?") आणि चेनच्या प्रत्येक रनरला नाडीचा मोठा फास बांधलात. त्या वेळी मला तो गावठी वाटला होता, माफी असावी. जाड हातमोज्यात दुसरं काहीच धरता येत नाही. कंबरेचा पट्टा आणि छातीची क्लिप अशी की बॅग अंगावर उडत नाही, आणि लोंबणारी सगळी टोकं आत शिवलेली, गाडीत अडकायला नकोत म्हणून.

आणि ती बंडी! बॅटऱ्यांना थंडी सोसत नाही एवढंच मी बोललो होतो. तुम्ही तुमच्या वडिलांच्या बंडीसारखा चोरखिसा आतल्या अंगाला शिवून दिलात. गुलमर्गला बाहेरच्या बॅटऱ्या अर्ध्या भरलेल्या असतानाच अचानक मान टाकत होत्या. बंडीत घालून अंगाच्या उबेला ठेवल्या की पुन्हा थोडा वेळ चालत. लिथियम बॅटरीचं तसंच असतं, थंडीत आतली क्रिया मंदावते.

आपलं कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. फेब्रुवारीत गेलो, म्हणजे २१ डिसेंबरला सुरू होणारे चिल्लई कलानचे, काश्मिरातल्या सगळ्यात कडक थंडीचे, चाळीस दिवस सरले होते, तरी गुलमर्गच्या अफरवत डोंगराच्या अंगावर बर्फ गळ्याइतका. तिथल्या गाईडनं पहिल्या सकाळी माझी बॅग उलटीपालटी करून बघितली. एक गोष्ट मात्र तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत नव्हती. हिमकडा कोसळून माणूस गाडला गेला तर शोधण्यासाठी अंगावर एक छोटं यंत्र बांधतात, बीकन म्हणतात त्याला. ते सतत संदेश पाठवतं. मोबाईल, कॅमेरा असली उपकरणं त्याच्यापासून निदान २० सेंटिमीटर लांब हवीत आणि दुसऱ्याला शोधताना ५०. तुम्ही छाती मोकळी ठेवली होती ती पुढे बसलेल्या ड्रायव्हरच्या पाठीसाठी, पण त्यामुळे बीकनला जागा आपसूक मिळाली. फावडं आणि शोधायची घडीची काठी मात्र गाडीवर नको, माणसाच्या पाठीवरच हवी, असं त्यानं बजावलं, कारण गाडी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे फेकला जाऊ शकतो. मग काय, एक लेन्स हॉटेलात ठेवली आणि त्या कप्प्यात फावड्याचं पातं घातलं. टणक म्हणून बाहेरच्या अंगाला, मणक्याकडे नाही. जीव तुटला, पण ठेवली.

तिसऱ्या दिवशी पडलो. उतारावर आडवं जाताना वरच्या बाजूची घसरपट्टी उचलली गेली, गाडी सावकाश कलंडली आणि मी पाठीवर, अगदी तुमच्या दुकानात पडलो होतो तसा. क्षणभर दांडकंच आठवलं. काही झालं नाही. कॅमेऱ्यालाही नाही. गाडीला बांधलेल्या ट्रायपॉडचा एक पाय मात्र वाकला. गाईडनं बॅग चाचपून विचारलं, कुठल्या कंपनीची? मी म्हटलं, उद्यमनगर.

तुम्ही फोम गुंडाळून येतो ते जाड प्लास्टिक दिलंत, तेही उपयोगी पडलं. दिवसभर गारठलेला कॅमेरा बुखारीच्या, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीच्या, उबेत उघडा नेला की त्याच्यावर, आणि आतही, पाणी धरतं. एसी हॉलमधून पावसाळी अंगणात वरात काढायला आलं की लेन्स धुरकट होते, तसलंच. म्हणून दारातच त्या प्लास्टिकमध्ये कॅमेरा घट्ट बांधून दोन तास तसाच ठेवायचो. दव प्लास्टिकला, कॅमेरा कोरडा.

तुम्ही घेतलेत साडेतीनशे रुपये. त्यात नायलॉनही आलं नसेल. जास्त दिले तर बॅग काढून घेईन म्हणालात, म्हणून देत नाही. मंगळवारी दुकानात येतोय. डाव्या पट्ट्याची शिवण एका जागी उसवली आहे, ती घालून द्या. सोबत काश्मिरी अक्रोड आणतोय, त्याचे पैसे मीही घेणार नाही.

तुमचा,
लग्नाचे फोटो काढणारा, बुलेटवाला