भूजहून आलेल्या निरोपासाठी

आदरणीय काका यांस,
सादर नमस्कार.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छ हादरले, तेव्हा माझा थोरला भाऊ नोकरीनिमित्त भूजमध्ये होता. बडोद्यातही घरे हलली आणि दांडिया बाजारातील सगळी माणसे रस्त्यावर आली. भूजचा फोन काही केल्या लागेना, तेव्हा आपण हौशी रेडिओचालक म्हणून वडील आपल्याकडे आले.

गच्चीवर ताणलेली वीसेक मीटर तार आणि मोटारीच्या बॅटरीवर चालणारा रेडिओसंच, एवढेच आपले साहित्य होते. ७ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी कमी उंचीवरच्या तारेवरून आभाळाकडे जातात आणि आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून दिवसा तीनचारशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात, रात्री मात्र जवळचे स्थानक हरवते, हे आपण वडिलांना शांतपणे समजावले आणि पहाटेपासून संचाशी बसलात. कच्छमध्ये पोहोचलेले हौशी रेडिओचालक तिकडून नावे सांगत होते.

दुसऱ्या दिवशी आमचे आडनाव आणि 'सुखरूप' हा शब्द ऐकू आला, तेव्हा आई हात जोडून उभी राहिली. आपण मात्र तो निरोप आमचा म्हणून स्वीकारला नाही. वडिलांचे नाव आणि कचेरीचे नाव, ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून एकेक अक्षर रेडिओच्या रीतीने अल्फा (A), ब्राव्हो (B) असे सांगत, आपण पुन्हा विचारलेत; तो माणूस दुसराच निघाला. त्या क्षणी आपला रागच आला होता, हे आज प्रामाणिकपणे सांगते. खोट्या आनंदावर विसंबून आम्ही शोध थांबवला असता, तर काय झाले असते, याचा विचार आजही करवत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी खरा निरोप आला: दादाचा पाय मोडला होता, तंबूत उपचार सुरू होते.

वडिलांनी दिलेले पाकीट आपण परत केलेत; हौशी परवान्यावर पैसे घेता येत नाहीत, एवढेच म्हणालात.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, वीज गेली आणि घरातील मोबाइल एकेक करून बंद पडले, तेव्हा दादाने आपली आठवण काढली. माझी मुलगी आता परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करीत आहे. आपली प्रकृती ठीक असेल, तर एखाद्या रविवारी तिला आपल्याकडे घेऊन यावे म्हणते.

आपली ऋणी,
दांडिया बाजारातील शेजारीण