जिंतूर रोडवरच्या चाचांना, जाहीर आभार

चाचा, सलाम.

वडिलांच्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलचं क्लच कव्हर तुम्ही खोलून दिलंत. तिथंच आभार मानणार होतो, पण तुम्ही हात पुसून "बस बस, चल" म्हणत पुढच्या गाडीकडे वळलात. म्हणून हे चारचौघांत.

क्लच प्लेटा बदलायच्या तर आधी कव्हर निघायला पाहिजे, आणि ते फुलीच्या खाचेचे स्क्रू काही केल्या हलत नव्हते. आधीच्या गॅरेजवाल्यानं दोन स्क्रूंची डोकी पार गोल केली आणि "ड्रिल मारावं लागेल, नवीन कव्हर बघून ठेवा" म्हणून गाडी माघारी दिली. १९९६ पासून ही गाडी बनतच नाही, नवीन कव्हर काय मोंढ्यात मिळतंय?

तुम्ही हत्याराला हातच लावला नाहीत. चष्मा पुसला आणि एका स्क्रूच्या डोक्यावरचा बारीक ठिपका नखानं दाखवलात. "ये जपानी खाचा है, इसकू फिलिप्स बराबर बैठताच नई." जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणणारे आपण, आणि अडलो जपानी स्क्रूपाशी! फिलिप्सचं, म्हणजे नेहमीच्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरचं, टोक त्या खाचेत नीट भिडत नाही, जोर लावला की वर सरकतं आणि खाच कुरतडतं. जेआयएसचा, म्हणजे जपानी मापाच्या टोकाचा, बिट तुम्ही बसवलात तो बोटानं हलवूनही हलला नाही.

मग हीटगननं कव्हर तापवलंत, कारण कव्हरचं ॲल्युमिनियम स्क्रूच्या पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. इम्पॅक्ट ड्रायव्हर उलटा फिरेल असा लावून हातोडीचा एकच ठोका. कट्ट! ठोक्याबरोबर बिट खाचेत दाबलाही जातो आणि फिरतोही, त्यामुळं निसटायला जागाच नाही. आट्यांतून पांढरी भुकटी सांडली. पोलाद, ॲल्युमिनियम आणि वर्षानुवर्षांची ओल यांचा तो गंज. गोल झालेल्या दोघांना छिन्नीनं कडेला खाच पाडून टिचक्या मारत फिरवलंत. तेवढा वेळ मी श्वास धरून उभा होतो, कारण छिन्नी घसरली असती तर कव्हर गेलंच असतं.

नवे एलन (षटकोनी खाचेचे) बोल्ट टाकताना आट्यांना ग्रीस लावलंत आणि लांब पान्हा माझ्या हातातून काढून घेतलात, "ॲल्युमिनियम है, आटे जाते" म्हणून. पैसे मात्र फक्त गॅस्केट आणि बोल्टांचे घेतलेत. ते मला पटलेलं नाही, सांगून ठेवतो.

इंजिनाच्या दुसऱ्या बाजूचं, मॅग्नेटकडचं कव्हर अजून जुन्याच स्क्रूंवर आहे. रमजान ईद झाली की गाडी घेऊन येतो. त्या वेळी मजुरी घ्यावीच लागेल.

तुमचा,
आरएक्सवाला