नाव न कळलेल्या मदतनीसांचे आभार
गाण्याच्या स्पर्धेच्या सकाळीच लेकीचा घसा बसला. नेहमीची काळी पाच, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा सूर, काही केल्या लागेना. साथीला बसलेल्या तबलजींनी तिला आधी नुसतं गुणगुणायला लावलं. ‘पांढरी सहात गा, बाळ, अर्धा सूर खाली,’ म्हणाले आणि तबल्याच्या कडेच्या चामडी वेणीला, म्हणजे गजऱ्याला, खालून हातोडीचे हलके ठोके देत तबला अर्ध्या सुराने उतरवला. वेळापत्रक मागे पडलं होतं, तरी तबल्याच्या कडेचा प्रत्येक भाग, म्हणजे घर, सुरात येईपर्यंत ते थांबले. केवढा धीर मिळाला तिला! एका स्पर्धकाच्या आईने तंबोरा नव्या सुरात लावून दिला, तेही स्वतःच्या मुलाची पाळी पुढचीच असताना. कोमट पाणी कुणी आणून ठेवलं, कळलंच नाही. क्रमांक आला नाही, पण बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतला मोठा ख्याल, तिने न डगमगता पूर्ण गायला. तुम्हा सगळ्यांचे अगदी मनापासून आभार.