आकडा मला सांगू नकोस

चि. सोनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर बोलता आलं असतं. पण हा विषय फोनवर बोलायचा नाही, म्हणून तर पत्र.

गेल्या महिन्यात मी तुझ्याकडे आले होते, त्यातली ती शेवटची संध्याकाळ आठव. तुझे सहा-सात मित्रमैत्रिणी जमले होते. कुणीतरी बिटकॉइनचा विषय काढला आणि तू अ‍ॅप उघडून आकडाच दाखवलास. "बघा, कितीला घेतलेलं आणि आता किती!" फोन हातोहात फिरला. माझ्यापर्यंत आला तेव्हा काचेवर कुणाच्या तरी अंगठ्याचा तेलकट ठसा होता, बरोब्बर त्या आकड्यावर. मी आकडा वाचला नाही. चष्मा आत राहिला होता हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे बँकेतल्या नोकरीतली माझी एकतीस वर्षांची सवय. बाकीच्यांनी मात्र वाचला. एकाने शीळही घातली. त्यातल्या दोघांना तू त्या दिवशी पहिल्यांदाच भेटत होतीस, हे रात्री तूच मला सांगितलंस.

सवयीबद्दल सांगते. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. नोंदवहीत सही घ्यायची, सोबत आत जायचं, आपली किल्ली फिरवायची आणि पाठ फिरवून बाहेर यायचं. एवढ्या वर्षांत कुणाच्या लॉकरात काय आहे हे मी पाहिलं नाही. पण कुणाकडे बरंच काही आहे ते कळायचं. येताना पिशवी खांद्यावर सैल लटकत असायची आणि जाताना हात पिशवीच्या तोंडावर घट्ट. काहीजण तर जिना उतरतानाच फोनवर मोठ्याने सांगायचे, "हो, काढलं सगळं, निघालोच." मला ऐकू यायचं, म्हणजे जिन्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ऐकू यायचं.

बाजाराबद्दल मी तुला उपदेश करणार नाही. तू माझ्यापेक्षा जास्त वाचतेस. आणि सोनं शहाण्यांचं, क्रिप्टो वेड्यांचं, असंही मी मानत नाही. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढलं होतं. त्या शिखरावर ज्याने घेतलं, त्याला तो भाव पुन्हा दिसायला २००८ उजाडलं, आणि अठ्ठावीस वर्षांची महागाई वेगळीच. चांदीचं तर विचारूच नकोस. अमेरिकेतल्या हंट बंधूंनी उधारीवर चांदी गोळा करत भाव पन्नास डॉलरच्या आसपास नेला, मग बाजाराने नियम बदलले आणि २७ मार्च १९८० या एका दिवसात भाव जवळपास निम्मा झाला. तुझं बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या घरात होतं, वर्षभरात सोळा हजारांच्याही खाली आलं. उधारीवर घेऊ नकोस आणि जे बुडालं तर झोप उडेल ते लावू नकोस, एवढं तुला माहीत आहे. भाव पडला तर माणूस गरीब होतो, पण धडधाकट राहतो. मला काळजी आहे ती वेगळीच.

तू म्हणालीस, "आई, एक्स्चेंजवर नाही ठेवलेलं, माझ्या स्वतःच्या वॉलेटमध्ये आहे." म्हणजे किल्ली कुठल्या कंपनीकडे नाही, तुझ्याकडेच. चांगलं केलंस, असं मी मनापासून म्हणते. बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीचं टोकियोचं एक्स्चेंज, माउंट गॉक्स, फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडलं तेव्हा साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं. त्यातली दोनेक लाख नंतर सापडली, पण लोकांना बिटकॉइन परत मिळू लागायला २०२४ चा जुलै उजाडला. एफटीएक्स हे दुसरं एक्स्चेंज नोव्हेंबर २०२२ मध्ये काही दिवसांत कोसळलं. दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवलं की दुसऱ्याच्या नियतीवर विसंबणं आलं. पण सोनू, तिजोरी स्वतःची केलीस की पहाराही तुझाच. बँकेच्या लॉकरवर कुणाची नजर असली तरी त्याला आधी बँकेत शिरावं लागतं. पहारेकरी, कॅमेरे, जाड दार, कामाची वेळ, दोन किल्ल्या, एवढं सगळं मध्ये असतं. तुझ्या वॉलेटच्या आणि त्याच्या मध्ये तू एकटी आहेस.

हे मी उगाच भीती घालायला लिहीत नाही. फ्रान्समधल्या लेजर कंपनीचं नाव तुला माहीत आहे, तसल्याच यंत्रात तू तुझी किल्ली ठेवतेस. २०२० मध्ये त्यांच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि डिसेंबरात अडीच लाखांहून जास्त लोकांची नावं, फोन नंबर आणि घरचे पत्ते उघड्यावर आले. यंत्र कुणी फोडलं नव्हतं. फक्त यंत्र कुणी मागवलं त्याची यादी फुटली. चोराला तेवढं पुरतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या एका सहसंस्थापकाला पत्नीसह पळवून नेलं आणि खंडणीसाठी त्याचं बोट कापलं. पोलिसांनी दोघांना सोडवलं. आणि त्याच वर्षी मे महिन्यात पॅरिसमध्ये भर दिवसा एका वयस्क गृहस्थाला व्हॅनमध्ये कोंबून नेलं, त्याचंही बोट कापलं. त्याच्या मुलाने क्रिप्टोच्या धंद्यात पैसा कमावला होता.

तेव्हा तुझ्या आकड्याशी माझ्या बोटांचाही संबंध आहे, एवढं ध्यानात ठेव. भाजी चिरायला मला दहाही लागतात.

बिटकॉइनचं गणित तोडायला जगातले सगळे संगणक जुंपले तरी जमणार नाही असं म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण गणित तोडायची गरजच कुणाला? पाना घेऊन उभ्या असलेल्या माणसाला गणित येत नाही, त्याला फक्त तुझं दार माहीत असावं लागतं. सोन्याची किलोची वीट फोनपेक्षा लहान असते, जेमतेम बावन्न घनसेंटिमीटर, पण तिला निदान वजन आहे. ती पळवायची तर उचलून न्यावी लागते, वितळवावी लागते, कुणाला तरी विकावी लागते. तेवढ्याच किमतीची चांदी तर चोरालाच ओझं होते. गेल्या काही दशकांत ती बहुतेक वेळा सोन्याच्या पन्नास ते नव्वद पट जड पडत आली आहे. तुझं वॉलेट उघडणारी बारा शब्दांची ओळ मात्र अर्ध्या मिनिटात जगाच्या दुसऱ्या टोकाला जाते, आणि गेली की परत फिरवायला कुणी मॅनेजर नाही.

त्या बारा शब्दांची पण एक गंमत. तो कागद मला दिसला होता. दिसला म्हणजे काय, कात्री शोधताना हातात आला. इंग्रजी शब्द, तुझं अक्षर, एकाखाली एक. मला वाटलं, शेजारच्या मुलीला स्पेलिंग घालतेस. तू झडप घालून हिसकावलास तेव्हा कळलं की हे काहीतरी वेगळं आहे. घरी येऊन वाचलं. ठरावीक २०४८ शब्दांची यादी असते, पहिला शब्द 'अबॅन्डन', शेवटचा 'झू', आणि त्यातले तुझे बारा त्याच क्रमाने ज्याच्या हाती लागले, तो तू झाला. यंत्र हरवलं, जळलं तरी चालतं, शब्द हवेत. म्हणजे जपायची वस्तू यंत्र नाही, कागद आहे. आणि तो कात्रीखाली होता! त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवला असशील तर तोही पुसून टाक, आणि नुसता गॅलरीतून नाही, क्लाउडवर आपोआप चढलेली प्रतही. कागद ओला होतो, जळतो, शाई उडते. स्टीलच्या पट्टीवर अक्षरं ठोकून घेतात म्हणे, ते मला पटलं. ठोकायची मात्र स्वतः, दुकानात देऊन नाही.

रक्कम मोठी झाली असेल (किती ते विचारत नाही) तर तीन किल्ल्यांपैकी दोन लागतील अशी सोय कर. मल्टिसिग म्हणतात ना तिला? वाचलं तेव्हा मला हसूच आलं. आमच्या लॉकरचीच युक्ती, तीच पुन्हा नव्याने शोधली. एक किल्ली तुझ्या घरी, एक दुसऱ्या गावात, एक लॉकरात. म्हणजे कुणी दारात उभं राहिलं तर तू खरंच म्हणू शकशील की इथून पैसे हलवता येत नाहीत. धमकीला उत्तर म्हणून शौर्यापेक्षा असमर्थता बरी. आणि तरीही कुणी अंगावर आलं तर जे हाताशी आहे ते देऊन टाक. तिथे हुशारी नको, मारामारी नको, कराटेचे जे चार वर्ग केलेस ते विसर.

काही लोक सांगतात की थोडी रक्कम असलेलं एक दाखवायचं वॉलेट ठेवावं आणि वेळ आली की ते पुढे करावं. कल्पना वाईट नाही. पण सोनू, ज्याने तुझा खरा आकडा काचेवर वाचलाय त्याला थोडक्या रकमेवर कसं पटवशील? फोन त्या दिवशी सात हातांतून फिरला. ती युक्ती तू तेव्हाच घालवून बसलीस.

आता झालं ते झालं. त्या मंडळींपैकी कुणी पुन्हा विषय काढलाच तर विकून टाकलं म्हण. खोटं बोलायला मी तुला आयुष्यात पहिल्यांदाच शिकवते आहे. वॉलेटचं किंवा नाण्याचं पार्सल घरच्या पत्त्यावर मागवू नकोस. फोनची रेंज अचानक गेली आणि आजूबाजूच्यांची असली, तर वाट पाहू नकोस, दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला विचार, कारण तुझा नंबर कुणीतरी दुसऱ्या सिमवर चढवून घेतलेला असू शकतो. बिटकॉइन पाठवताना समोरच्या वॉलेटच्या पत्त्याची पहिली आणि शेवटची अक्षरं जुळली म्हणून निश्चिंत होऊ नकोस. ठग अगदी तशीच टोकं असलेले पत्ते बनवतात, मधली अक्षरं बघ. आणि नाणं असो वा बिटकॉइन, अनोळखी माणसाला प्रत्यक्ष भेटून, रोखीने, कधीही नाही.

नाण्यांवरून आठवलं. तू ते छोटं सोन्याचं नाणं दाखवलंस तेव्हा मी पाण्यात बुडवून वजन कर म्हणाले होते. चांदी किंवा पितळेची भेसळ पकडायला ती परीक्षा चालते. सोन्याची घनता १९.३, टंगस्टनची जवळपास तितकीच, त्यामुळे आतून टंगस्टन भरलेली वीट पाण्याच्या परीक्षेत सहज पास होते, आणि वरवरचा थर तपासणारं यंत्रही फसतं. तेव्हा माझा सल्ला अर्धवट होता, मागे घेते. ओळखीच्या, पावती देणाऱ्या ठिकाणाहून घे, आणि औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम आहे की साधा २८.३५, ते विचारून घे.

हे सगळं लिहिलं, आणि तरी एक गोष्ट मला सुटत नाहीये. गप्प बस म्हणते आहे तुला. पण किती गप्प?

नोकरीतली एक बाई मी विसरत नाही. नवरा अचानक गेला. चष्म्याच्या जुन्या घरात तिला एक किल्ली मिळाली, त्यावर नुसता आकडा. कुठल्या बँकेची, कसली, काही नाही. ती किल्ली रुमालात बांधून शाखा शाखा फिरत होती. आमच्याकडे आली तेव्हा किल्ली बघूनच मी ओळखली. पुढे कागदपत्रं, वारसाचा दाखला, साक्षीदार, सह्या, चार महिने गेले, पण लॉकर उघडला. किल्ली हरवली असती तरी कारागीर बोलावून, साक्षीदारांसमोर फोडून उघडला असता. तुझं कुलूप फोडणारा कारागीरच नाही. वेल्समध्ये न्यूपोर्टला एका माणसाची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली, त्यात सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली. बारा वर्षं तो कचराभूमी खणू द्या म्हणून भांडला, शेवटी न्यायालयानेही नाही म्हटलं. तो तर जिवंत होता, कुठे काय गेलं ते त्याला ठाऊक होतं. तुला काही झालं तर मला काय ठाऊक असेल? कात्रीखालचा कागद.

असं काही लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. शब्द मला नको. आकडा तर नकोच. पण काहीतरी आहे एवढं, आणि ते उघडायची रीत, कुणाकडे जायचं, कुठल्या क्रमाने, हे एका बंद पाकिटात लिहून ठेव. पाकीट कुठे आहे ते मला सांग आणि आणखी एकाला, जो मला ओळखतो पण ज्याच्याकडे शब्द नाहीत. पाकिटात शब्द घालू नकोस. किल्ली एकीकडे आणि किल्लीचा पत्ता दुसरीकडे.

आणि मी पुढच्या महिन्यात येईन तेव्हा आपल्या दोघींत एक साधंसं वाक्य ठरवू. फोनवर तुझ्या आवाजात कुणीही "आई, पैसे पाठव" म्हणालं तर मी ते विचारेन. हल्ली आवाजाची नक्कल हुबेहूब करता येते. आणि तूही संकटात असलीस तर तेच वाक्य उलटं म्हण, मी समजेन. ते वाक्य इथे लिहीत नाही.

वेळेवर जेव. उत्तर पाठवशील तर त्यात यातलं काही लिहू नकोस, नुसतं "पत्र मिळालं" पुरे.

तुझी,
आई

ता. क. कात्री जागेवर ठेवली आहेस ना? मग त्याखालचं आज रात्रीच हलव. कुठे ते मला कळवू नकोस.