'गैरसमजातून' हा शब्द काढा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या मुस्लिमांवरचा लेख मेहनतीने लिहिलाय, पण एका शब्दापाशी मी अडले. रात्रभर तो डोक्यातून गेला नाही. बलबीरसिंग सोढी यांची हत्या म्हणे 'गैरसमजातून' झाली.

न्यूयॉर्कवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, १५ सप्टेंबर २००१ला, ॲरिझोनातल्या मेसा इथे हा शीख माणूस आपल्या पेट्रोल पंपाबाहेर फुलझाडं लावत होता. पगडी आणि दाढी बघून त्याला गोळ्या घातल्या. मारणाऱ्याने त्याच दिवशी पुढे जाऊन एका लेबनीज वंशाच्या माणसावर आणि एका अफगाण कुटुंबाच्या घरावरही गोळीबार केला. नशिबाने ती माणसं वाचली. ती मेली असती, तर तुमच्या लेखकाने तिथे कोणता शब्द वापरला असता? शीख मेला म्हणून गैरसमज, मग मुसलमान मेला असता तर बरोबर होतं का? २०१७ साली कॅन्ससमध्ये हैदराबादच्या श्रीनिवास कुचिभोटला यांना इराणी समजून मारलं, तेव्हाही माझ्या ओळखीपाळखीत हेच बोललं गेलं.

मला हा शब्द एवढा झोंबतो, कारण तो मी स्वतः उच्चारलाय.

२००१ साली आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत राहायचो. वरच्या मजल्यावर खेडच्या एक भाभी होत्या. कोकणी मुसलमान, डोक्यावर कायम ओढणी, मराठी माझ्यापेक्षा अस्सल. त्याच वर्षीचा ऑक्टोबर असेल. तळघरातल्या लाँड्री रूममध्ये आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. इमारतीतलाच एक माणूस, एरवी जिन्यात गुड मॉर्निंग म्हणणारा, दारात उभा राहून ओरडायला लागला. 'तुम्ही लोक' परत कधी जाणार, म्हणून. मी घाबरले आणि पटकन म्हणाले, "तुमचा गैरसमज होतोय. मी मुस्लिम नाही, हिंदू आहे." बोलता बोलता माझ्या हातातली टोकं सुटली. चादर ओल्या फरशीवर पडली. तो निघून गेला. भाभींनी चादर उचलली, परत मशीनमध्ये टाकली आणि पाव डॉलरची नाणी एकेक करून आत सरकवली. माझ्याकडे बघितलं नाही.

आमच्या मराठी मंडळींतही तेव्हा हाच सल्ला फिरत होता : टिकली लावा, गाडीवर झेंडा चिकटवा, कुणी काही बोलायच्या आत आपण कोण ते सांगून टाका. भाभींनी काय सांगायचं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढे २००८ मध्ये ओबामा मुस्लिम असल्याची आवई उठली, तेव्हा अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी टीव्हीवर सरळ विचारलं : ते ख्रिश्चनच आहेत, पण मुस्लिम असते तर काय बिघडलं असतं? बोलताना त्यांनी करीम खान या सैनिकाच्या थडग्याबद्दल सांगितलं. आमच्याच न्यू जर्सीचा वीस वर्षांचा पोरगा, इराकमध्ये मारला गेला. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्याच्या दगडावर चंद्रकोर आणि चांदणी कोरलेली आहे. मी सोफ्यावर बसून रडले. एवढं साधं वाक्य मला सात वर्षांपूर्वी त्या तळघरात सुचलं नव्हतं. तोवर भाभींचं कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं होतं.

आणखी एक. लेखासोबत पुन्हा काळ्या बुरख्यातल्या पाठमोऱ्या बायकांचाच फोटो का? तिथल्या मुस्लिमांत साधारण पाचातला एक जण कृष्णवर्णीय आहे. उमर इब्न सईद यांनी नॉर्थ कॅरोलिनात गुलामीत असताना १८३१ साली अरबीत आत्मचरित्र लिहिलं. आयोवातल्या सीडर रॅपिड्सची १९३४ची छोटीशी लाकडी मशीद अजून उभी आहे. आणि मुहम्मद अलींचा फोटो तर कुठल्याही वर्तमानपत्राच्या कपाटात असतो! ही माणसं काल-परवा बाहेरून आलेली नाहीत, हे वाचकाला चित्रातूनही कळायला हवं.

छापील अंक आता बदलता येणार नाही. इंटरनेट आवृत्तीत मात्र लेख अजून तसाच आहे. तिथे 'गैरसमजातून' काढून 'द्वेषातून' लिहा, एवढी विनंती.

आपली,
एक जुनी वाचक, कोथरूड, पुणे