फ्रीज आज लावू नका, अगोदर अर्थिंग पाहा

ती. आई आणि ती. बाबा, सा. न.

दादाचा फोन आला होता, फ्रीज घरी आला म्हणे आणि छोट्या हत्तीत आडवा टाकून आणला. बाबा, म्हणूनच एवढं लंबं लिहून राहिली, फोनवर तुम्ही हो हो म्हणता आणि लगेच बटन दाबून मोकळे होता. आज लावू नका. आडवा आणला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये जाते, ते खाली उतरायला वेळ लागते, उद्या सकाळपर्यंत नुसता उभा राहू द्या.

पण माझा जीव खरा अडकला आहे तो अर्थिंगमध्ये, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणाऱ्या वायरमध्ये. आई, मी सहावीत होती तेव्हा कूलरमध्ये पाणी टाकताना तुला करंट लागला होता, ओल्या फरशीवर अनवाणी उभी होतीस, बादली पार सपरीत जाऊन पडली, मी दारात होती आणि मला ओरडताही आलं नाही. बोर्डाला तीन भोकं होती पण तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकामागे वायरच नव्हती! फ्रीज पण लोखंडीच असते. म्हणून वायरमनला अगोदर बोलवा, फेज (करंटची वायर) आणि अर्थिंगमध्ये त्यालाच बल्ब लावून पाहू द्या, फुल पेटला तर ठीक, मिणमिणला तर मीठ-कोळसा टाकून अर्थिंगचा खड्डा नव्यानं करा. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, खड्डा कोरडा झाला की अर्थिंग काम देत नाही, तर आठवड्यातून एक-दोन बादल्या पाणी टाकत जा. आणि मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरची ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारं बटन, बसवून घ्या, पैसे मी पाठवते, नाही म्हणू नका.

फ्रीजचा पिन सरळ भिंतीतल्या बोर्डात, मोबाईल चार्जिंगच्या एक्स्टेन्शनवर अजिबात नाही. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तव्यासारखी तापते, तिथे नको आणि गॅसजवळही नको. मागे चार-सहा इंच जागा सोडा, पुढचे पाय जराशे उंच ठेवा म्हणजे दार आपोआप लागते. संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की आपल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) बल्ब पिवळे पडतात ना, म्हणून स्टॅबिलायझर लागेलच, टाइम डिले असलेला घ्या, लाईन आली की तीन-चार मिनिटं थांबून सुरू होते.

आई, बर्फ साचला तर सुरी घालून काढू नकोस, आतली नळी फुटते आणि आजकालच्या बऱ्याच फ्रीजमधला आर 600ए गॅस पेट घेणारा असते. बंद करून वितळू दे.

आता बाबांचं इन्सुलिन. त्यासाठीच फ्रीज घेतला हे मला माहीत आहे, तरी लगेच आत ठेवू नका. अगोदर दोन-तीन तास रिकामा चालू द्या, मग ग्लासभर पाण्यात थर्मामीटर टाकून रातभर मधल्या कप्प्यात ठेवा, मी कुरिअरनं पाठवला आहे. 2 ते 8 डिग्रीच्या मधात दाखवला तरच ठेवा, तेही मधल्या कप्प्यात, दारात नाही आणि फ्रीजरजवळ तर मुळीच नाही, एकदा गोठलं की ते इन्सुलिन फेकावंच लागते. तोपर्यंत माठातली डब्बी आहे तशीच राहू द्या.

वायरमन आला की मला व्हिडिओ कॉल लावा, बोर्ड मला दाखवा.

तुमची,
छोटी